बोलता बोलता आप्पा कुठे जातात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी धनकवडीला राहते, वय ४४. सासरे, म्हणजे आप्पा, ७३ वर्षांचे. पीएमटीत कंडक्टर होते. अडीच वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं, त्याची गोळी चालू आहे. नावं विसरतात, तेच तेच विचारतात, पण स्वतःच्या हाताने जेवतात, संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येतात. गेल्या पाच महिन्यांत दहा-बारा वेळा एक वेगळाच प्रकार झाला. बोलता बोलता मध्येच थांबतात, एकटक बघत राहतात, तोंड काही चघळल्यासारखं हलतं, बोटांनी शर्टाच्या खिशाशी चाळा चालतो. मिनिटभराने ते थांबतं, पण पुढची पंधरा-वीस मिनिटं बोलणं पार बिघडतं. चहा हवा का विचारलं तर 'पुढे चला, पुढे सरका' म्हणतात, नाहीतर कशाला काही अर्थ नसलेले शब्द जोडतात. मग हळूहळू पूर्ववत होतात. नंतर त्यांना काही आठवत नाही. सासूबाई म्हणतात, सोंग आहे, माझ्याशी बोलायचं नसलं की करतात. मिस्टर म्हणतात, आजार वाढतोय, हे होणारच होतं. ठाण्याच्या नणंदबाई म्हणतात, तुम्ही कुणी त्यांच्याशी बोलत नाही, माझ्याशी फोनवर छान बोलतात. आमच्या शेजारी एक नर्सबाई आहेत. त्या म्हणाल्या, ही फीट असू शकते. घरी हे सांगितलं तर मिस्टर भडकले, 'बाबांना फेफरं आहे म्हणतेस?' मुलीच्या लग्नाचं बघायला दोन वर्षांत सुरुवात होईल, त्याची त्यांना काळजी. मी उगाच खुसपट काढतेय का? आणि मूळ आजार बरा होणारच नसेल, तर या वयात तपासण्यांच्या मागे लागून काय मिळवायचं?

उत्तर:

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातलं एक छोटं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. 'मग हळूहळू पूर्ववत होतात.' घरातल्या प्रत्येकाने आपापलं कारण लावलं, पण या वाक्याचा हिशोब कुणाच्याच कारणात बसत नाही. अल्झायमरने नेलेले शब्द वीस मिनिटांनी परत येत नसतात. जे अचानक जातं आणि अर्ध्या तासात माघारी येतं, त्यामागे दुसरं काही असेल असं धरूनच चालायचं. तुम्ही खुसपट काढत नाही आहात. दिवसभर तुम्ही त्यांच्याजवळ असता, म्हणून तुम्हाला दिसलं.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंशात ज्यांचं बोलणं बिघडतं, त्यांच्याबरोबर काम करते. निदान करणं माझं काम नाही, आणि नुसत्या पत्रावरून ते कुणी करूही नये. पण तुम्ही जे वर्णन केलंय, ते जसंच्या तसं एखाद्या न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवलं तर त्यांच्या मनात कुठली शंका येईल, हे मला ठाऊक आहे. शेजारच्या नर्सबाईंना आली तीच.

आधी अल्झायमरमधलं बोलणं कसं जातं ते बघू. ते उतरणीने जातं. सुरुवातीला नावं अडतात. माणूस वळसा घालून बोलतो, 'ते हे गं, पाणी तापवतात ते.' वाक्याची घडी मात्र बराच काळ मोडत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मागे वळून पाहिलं की जाणवतं, अरे, पूर्वी यांना पातेलं म्हणता यायचं. दिवसाकाठी थोडं कमीजास्त होतंच. संध्याकाळी गोंधळ वाढतो, झोप झाली नाही की वाढतो, ताप आला की फारच वाढतो. पण बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर थांबणं, दर वेळी त्याच क्रमाने तेच होणं, आणि मग परत येणं, ही उतरण नव्हे.

फीट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते रस्त्यात पडलेला माणूस, आखडलेले हातपाय, तोंडाला फेस. तशी फीट असतेच. पण अल्झायमरच्या रुग्णांत पुष्कळदा ती तशी दिसत नाही. माणूस पडत नाही, हातपाय झाडत नाही. नुसता थांबतो. डोळे उघडे असतात, पण समोर कोणी आहे याची दखल नसते. ओठ चाटतो, चघळल्यासारखं करतो, बटणाशी, पदराशी, चादरीशी चाळा करतो. अर्धं ते दोन मिनिटं. हे सगळं इतकं साधं दिसतं की घरचे लोक 'तंद्री लागली' म्हणून सोडून देतात.

अल्झायमर आणि फीट यांचा संबंध योगायोगाचा नाही. या आजारात मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ नावाची प्रथिनं साचतात. पेशी मरतात हे आपण ऐकलेलं असतं, पण मरण्याआधी त्यातल्या काही पेशी नको इतक्या उत्तेजित होतात, हे फारसं कुणी सांगत नाही. शिवाय कानशिलाच्या आतला जो भाग हा आजार आधी पोखरतो, तोच भाग फीट सुरू व्हायला सगळ्यात सोपा. त्याच वयाच्या इतर लोकांपेक्षा अल्झायमर असलेल्यांत फिटचं प्रमाण पुष्कळ जास्त आढळतं. वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण १० ते २२ टक्के असे आकडे येतात. आणि हे झाले ओळखलेले झटके. २०१६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, ज्यांना कधीच फीट आलेली नव्हती अशा अल्झायमरच्या रुग्णांचा रात्रभर ईईजी काढला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद घेतली, आणि जोडीला मेंदूतल्या चुंबकीय लहरींचीही नोंद घेतली. त्यांतल्या ४२ टक्के लोकांत फिटसारख्या विद्युत लहरी सापडल्या. त्याच वयाच्या निरोगी लोकांत हे प्रमाण साधारण १० टक्के होतं. ज्यांच्यात त्या लहरी होत्या, त्यांची बुद्धी पुढच्या काळात अधिक वेगाने ढासळली.

आता भाषेकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकतो. बहुतेक लोकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. पॅरिसमध्ये ब्रोका यांनी १८६१ ते १८६५ या काळात आणि जर्मनीत वेर्निके यांनी १८७४ साली, बोलणं गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासून हे मांडलं. फीट म्हणजे मेंदूत उठणारा विजेचा कल्लोळ. तो डाव्या कानशिलात उठला की शब्द जातात, कधी कधी समोरच्याचं बोलणं समजणंही जातं. कल्लोळ मिनिटभरात शमतो. पण दमलेल्या भागाला सावरायला वेळ लागतो. घरात वीज जाऊन आल्यावर फ्रीज लगेच चालू होत नाही, स्टॅबिलायझरचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबावं लागतं, तसं समजा. आप्पांची ती पंधरा-वीस मिनिटं बहुधा ही असावीत.

आणि 'पुढे चला, पुढे सरका'? त्याने तुम्ही सगळे हसलात, असं पत्रात लिहिलंय, आणि नंतर वाईट वाटलं असंही. वाईट वाटून घेऊ नका. पण ते का होतं ते ऐका. विचार करून बोलायची भाषा बंद पडते तेव्हाही हजारो वेळा उच्चारून घट्ट झालेले शब्द तग धरतात. माझ्याकडे येणारे, स्वतःचं नाव सांगता न येणारे आजोबा पाढे धडाधड म्हणतात. शुभंकरोती येते, आरती येते, शिवी तर हटकून येते. आप्पांनी उभा जन्म गर्दीच्या गाडीत उभं राहून हेच म्हटलं. त्यांना चहाबद्दल काही सांगायचं असेल, हो किंवा नको, पण त्या क्षणी तोंडाशी पोचणारं वाक्य हे एकच आहे. त्यात थट्टा नाही, वेडेपणाही नाही. म्हणून सासूबाईंना कृपा करून हे नीट सांगा. सोंग आणायला शब्द जागेवर असावे लागतात. आप्पा त्यांच्याशीच जास्त बोलतात, दिवसाचे सगळ्यात जास्त तास त्यांच्यासमोर असतात, म्हणून झटकाही त्यांच्यासमोरच जास्त वेळा येतो. पन्नास वर्षांचा संसार केलेल्या बाईला, नवरा बोलता बोलता आपल्याकडे बघेनासा झाला की ते मनाला लागणारच. त्यांचा राग हे दुःख आहे. एवढं ध्यानात ठेवून बोललात तर त्या ऐकतील.

मी हे इतकं जोर देऊन सांगतेय, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या एक आजी माझ्याकडे यायच्या. शिवणकाम करून त्यांनी मुलं वाढवलेली. अल्झायमरची सुरुवात होती. मी चित्रांची कार्डं दाखवायची, त्यांनी नाव सांगायचं, असा आमचा सराव चाले. एके दिवशी त्या कात्रीच्या कार्डावर थांबल्या. चाळीस वर्षं जिच्या हातात कात्री होती ती बाई! डोळे कार्डावर, पण कार्ड दिसत नसल्यासारखे. बोटं पदराच्या काठावरून पुढे-मागे सरकत होती. मग दहा-बारा मिनिटं त्या कात्रीला, चमच्याला, छत्रीला, दाखवेन त्या प्रत्येक चित्राला 'पाटली' म्हणत राहिल्या. मी वहीत लिहिलं, 'थकवा. लक्ष नाही.' असं मी तीन वेगवेगळ्या तारखांना लिहिलं. चौथ्या वेळी त्यांची नात सोबत होती. ती म्हणाली, 'मावशी, आजीचा उजवा ओठ दर वेळी आधी उडतो, तुम्ही पाहिलंत का?' मी पाहिलं नव्हतं. मग त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, झोपेतला लांबलचक ईईजी झाला, डाव्या कानशिलात फिटच्या लहरी दिसल्या. औषध सुरू झाल्यावर ते प्रकार थांबले. जी नावं आजाराने आधीच नेली होती ती परत आली नाहीत, आजारही आपल्या गतीने पुढे गेला. पण 'पाटली'ची ती दहा मिनिटं गेली, आणि संध्याकाळी नातीशी बोलायला त्या जाग्या राहू लागल्या. ती तीन पानं मी अजून जपून ठेवली आहेत.

तेव्हा 'काय मिळवायचं' या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. मूळ आजार बरा होणार नाही, हे खरं. पण आप्पांच्या दिवसातून जी मिनिटं आणि नंतरच्या थकव्याचे जे तास फीट नेतेय, ते परत मिळू शकतात. पडणं, भाजणं, न्हाणीघरात एकटं असताना झटका येणं टळू शकतं. आणि घरातला आरोप-प्रत्यारोप थांबू शकतो, जो मला तुमच्या पत्रात आजाराइतकाच बोचला. फिटवर औषध आहे, आणि म्हातारपणी सुरू झालेल्या फिटला ते पुष्कळदा थोड्या मात्रेतही लागू पडतं.

नणंदबाईंबद्दल थोडंच लिहिते. कमी बोलल्याने असले झटके येत नाहीत. रात्री नऊच्या फोनवर दहा मिनिटं गोड बोलणारे आप्पाही खरे आणि दुपारी अडखळणारे आप्पाही खरे. त्यांना चार दिवस माहेरी येऊन राहू दे, आप्पांच्या जवळ बसू दे. वादाने जे होणार नाही ते एका दुपारी होईल.

आता मिस्टरांची भीती. फेफरं, मिरगी हे शब्द आपल्याकडे इतक्या वाईट अर्थाने वापरले गेलेत की नुसत्या उच्चारानेही माणूस बिथरतो. म्हणून तुम्ही तो शब्दच काढू नका. 'बाबांचं बोलणं मध्येच का जातं ते डॉक्टरांना विचारून येऊ,' एवढंच म्हणा आणि नाव द्यायचं काम डॉक्टरांवर सोडा. मुलीच्या लग्नाचं म्हणाल तर सत्तरीत, अल्झायमरमुळे आलेली फीट ही आप्पांच्या आजारलेल्या मेंदूची गोष्ट आहे, नातीच्या रक्तातली नव्हे. आणि जी माणसं तरुणपणापासून मिरगीसह जगतात त्यांच्याबद्दलही कायदा कधीच बदललाय. १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातून मिरगीचा उल्लेख काढून टाकला. आजोबांची फीट लपवून नातीचं भलं होणार नाही, एवढं मिस्टरांना आपुलकीने सांगा.

एक गोष्ट मात्र तातडीची, तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. बोलणं अचानक गेलं आणि असं पहिल्यांदाच घडलं असेल, तर तो पक्षाघात समजून धावायचं. चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात किंवा पाय लुळा पडला, तर क्षणभरही थांबायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा रिक्षात घाला, आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. आप्पांचे आजवरचे प्रकार एकसारखे होते. पण उद्या एखादा वेगळा दिसला, तर 'नेहमीचंच आहे' म्हणून बसू नका. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, एकामागून एक आले, किंवा नेहमीची पंधरा-वीस मिनिटं उलटून तास झाला तरी बोलणं येत नाही, तरीही रुग्णालयच. फीट आतल्या आत तासन्‌तास, कधी दिवसभरही चालू राहू शकते. माणूस जागा असतो, घरात फिरतो, पण बोलणं भरकटलेलं असतं. घरचे म्हणतात, आजार एकदम वाढला. तो वाढलेला नसतो, फीट थांबलेली नसते.

आता रोजचं काम. तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असेलच, आणि त्याच्या चौकटीत दुधाचा हिशोबही असेल. तिथेच लिहायला लागा. किती वाजता, किती वेळ, आधी काय करत होते, नंतर बोलणं किती वेळाने आलं. झोप कशी झाली होती तेही. डॉक्टरांना महिन्याभराचं असं पान मिळालं तर त्यांचं निम्मं काम होतं. फोनवर व्हिडिओ घ्या. एकच हवा, पण पूर्ण हवा. सुरुवात हुकली तरी चालेल, शेवट हुकवू नका. व्हिडिओत चेहरा आणि दोन्ही हात दिसू द्यात. तुम्हाला हे चोरून केल्यासारखं वाटेल. आप्पा बरे असताना त्यांना सांगून ठेवा, 'डॉक्टरांना दाखवायला काढणार आहे.' त्यांनी हो म्हटलं, मग ते विसरले, तरी तुमचं मन साफ राहील.

झटक्याच्या वेळी तीन गोष्टी हळू आवाजात करून बघा, रुग्णालयात अशीच तपासणी करतात. 'आप्पा, डोळे मिटा,' म्हणा. मिटले तर समजतंय. चमचा दाखवून 'हे काय?' विचारा. आणि एक शब्द सांगा, समजा 'पेरू', आणि सगळं शांत झाल्यावर विचारा, मी मघाशी कोणता शब्द सांगितला होता. अल्झायमरमुळे या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एरवीही चुकेल, म्हणून एखाद्या बऱ्या दुपारी हेच तिन्ही करून ठेवा. मग फरक दिसेल. एवढं झालं की प्रश्न बंद. बोलायला जमत नसलेल्या माणसाला 'मी कोण? माझं नाव सांगा ना' असं सगळ्यांनी घेरून विचारणं फार क्रूर होतं, भले ते काळजीपोटी असो.

कांदा हुंगवू नका, चप्पल तर नाहीच. तोंडात चमचा, बोटं, पाणी, गोळी, काही घालू नका. धरून दाबून ठेवू नका. जवळ बसा, गरम चहा-पातेलं दूर करा, उठून चालू लागले तर वाट अडवू नका, हलक्या हाताने वळवा. पूर्ण बेशुद्ध होऊन हातपाय झाडले तर कुशीवर वळवा. घड्याळ बघत राहा.

डॉक्टर न्यूरॉलॉजिस्टच हवेत. फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, पण 'वय झालं' एवढ्यावर परत फिरू नका. खासगी तपासण्या झेपत नसतील तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. जाताना आप्पांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, गुडघेदुखीची, सर्दीची, वैद्यांची पुडीसुद्धा. कारण ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही जंतुनाशकं यांनी फिटचा धोका वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी सोडियम खाली जातं, त्यानेही फीट येते. साखर उतरली तरी येते. म्हणून रक्ततपासणी आधी. अल्झायमरच्या गोळीबद्दलही विचारा. त्यातल्या काही गोळ्यांनी हृदयाचे ठोके मंदावतात आणि माणूस क्षणभर हरवल्यासारखा होतो, म्हणून ईसीजीही काढतात. पण ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तसंच कुणी सांगितलं म्हणून रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने सुरू करू नका. अमायलॉइड मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांतही साचतं, तिथून थोडा रक्तस्राव झाला तरी असेच काही मिनिटांचे प्रकार होतात, आणि मग ती गोळी घातक ठरते. एमआरआय त्यासाठीही लागतो.

ईईजीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज असतात. त्यात शॉक देत नाहीत, दुखत नाही. डोक्यावर पेस्ट लावून वायरी चिकटवतात, मशीन फक्त नोंद घेतं. आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका. आप्पांसारख्या माणसाला त्या वायरी ओढाव्याशा वाटतील, म्हणून तुम्ही हात धरून बसायची परवानगी मागा. आणि हे लक्षात ठेवा, वीस-तीस मिनिटांचा साधा ईईजी नॉर्मल आला म्हणजे फीट नाही असं होत नाही. झटके पंधरा दिवसांतून एकदा येतात, त्या अर्ध्या तासात मशीनला काय सापडणार? झोपेतला, शक्य असेल तर रात्रभराचा ईईजी काढता येईल का, असं स्पष्ट विचारा. असं विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. मिस्टरांना मात्र हे आधीच समजावून ठेवा, नाहीतर पहिला नॉर्मल रिपोर्ट हातात पडला की ते म्हणतील, 'बघ, काही नव्हतं.' खरं तर घरच्यांनी केलेलं वर्णन आणि व्हिडिओ यांवरूनही डॉक्टर औषधाचा निर्णय घेऊ शकतात.

औषध सुरू झालं तर बहुधा लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन यांपैकी एक असेल. म्हाताऱ्या माणसांत ही दोन तुलनेने सोसतात. फेनिटॉइनसारख्या जुन्या औषधांनी सुस्ती येते, तोल जातो, डोकं आणखी जड होतं. लेव्हेटिरासिटामने काही लोक चिडचिडे होतात. आप्पा एकाएकी भांडायला लागले तर 'आजाराने स्वभाव बदलला' असं म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना फोन करा, औषध बदलता येतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्राही कमी लागते. लॅमोट्रिजिन हळूहळू वाढवतात, अंगावर पुरळ दिसलं तर त्याच दिवशी सांगायचं. आणि चार दिवस झटका आला नाही म्हणून कुठलीही गोळी एकदम थांबवायची नाही, त्यानेच मोठी फीट येते.

एक अपेक्षा आधीच बाजूला ठेवा. फिटच्या गोळीने आठवण परत येईल, असं नाही. २०२१ साली अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांना चार आठवडे लेव्हेटिरासिटामची छोटी मात्रा देऊन पाहिली. सरसकट सगळ्यांना फायदा झाला नाही. ज्यांच्या मेंदूत फिटसारख्या लहरी होत्या, त्यांना मात्र काही चाचण्यांत सुधारणा दिसली. अभ्यास छोटा होता, त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण आप्पांसारख्या माणसाच्या मेंदूत त्या लहरी आहेत का हे बघायला हवं, इतकं त्यातून नक्की निघतं.

घरात आजपासून एवढं करा. न्हाणीघराची आतली कडी काढून टाका. गिझरचं पाणी आधी तुम्ही बादलीत काढा. बाल्कनीत आणि जिन्यात एकटं सोडू नका. तुम्ही लिहिलंय की आप्पा अजूनही कधी कधी एकटे बसस्टॉपवर जाऊन उभे राहतात, गाड्यांचे नंबर बघतात. ते बंद करू नका, त्यांना त्यात जीव आहे. मात्र सोबत कुणीतरी असू दे, आणि शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी असू दे. नाव, तुमचा फोन नंबर, आणि एक ओळ, 'यांना अधूनमधून काही मिनिटं बोलता येत नाही. कृपया जवळ थांबा आणि फोन करा.' बोटांनी खिशाशी चाळा करतात ना, तोच खिसा.

आणि झटक्यानंतर शब्द परत येऊ लागतात, तेव्हा पहिलं वाक्य तुमचं असू दे. 'काही झालं नाही, मी इथेच आहे.' मग गप्प बसा. त्यांना दमायला झालेलं असतं. झोपले तर झोपू द्या. चहा उठल्यावर, आणि पूर्ण जागे झालेत, घोट नीट गिळतायत ना हे पाहून.

कालनिर्णयच्या आजच्या चौकटीपासून सुरुवात करा, पण आधी मागच्या मंगळवारच्या चौकटीत जा. त्या दिवशीचा झटका तुम्ही पत्रात वेळेसकट लिहिलाय, दुपारी सव्वाचार, चहाच्या आधी. तो तिथे लिहून टाका.